रक्त साकळण्याच्या चाचण्या आणि जखमीला द्यावयाचे रक्त

पाणी गोठते, तूप थिजते, दूध विरजते आणि रक्त साकळते. द्रवाचे घनरूप होणे ही वरवर पाहता एकच घटना असली, तरी मराठीने तिच्यासाठी चार निरनिराळी क्रियापदे राखून ठेवली आहेत, आणि हा भेद केवळ शब्दवैभवाचा नाही. गोठणे व थिजणे ही थंडीची कार्ये होत. विरजण्याची जात वेगळी. तेथे चमचाभर विरजण साऱ्या दुधाचे रूप पालटते, उबेने ती क्रिया सुकर होते आणि थंडीने अडते. रक्ताचे साकळणे या दुसऱ्या जातीचे आहे. ‘रक्त गोठणे’ हा प्रयोग आज सर्वत्र रूढ झाला असून तो त्याज्य ठरविण्याचे कारण नाही. तथापि त्यातून थंडीचा जो भास होतो, तो वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. जखमीचे अंग थंड पडू लागले की त्याचे रक्त साकळेनासे होते. गंभीर जखमीला रक्त देताना त्यातील कोणता घटक किती द्यावा हे साकळण्याच्या चाचण्यांवरून कसे ठरवितात, आणि या चाचण्यांवर कितपत विसंबता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम साकळण्याची क्रिया थोडक्यात पाहू. रक्तवाहिनी फाटली म्हणजे एरवी रक्तापासून दूर असलेल्या ऊतकांतील एका द्रव्याशी रक्ताचा संबंध येतो. त्या निमित्ताने रक्तद्रवातील प्रथिने एकामागून एक कार्यप्रवण होतात व अखेरीस थ्रॉम्बिन निर्माण होते. रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे थ्रॉम्बिनमुळे फायब्रिनच्या तंतूंत रूपांतर होते. जखमेच्या तोंडाशी जमलेल्या प्लेटलेट या तंतूंना धरून आवळतात आणि गुठळी घट्ट होते. त्याच वेळी प्लाझ्मिन नावाचे दुसरे एक द्रव्य तंतू तोडण्याचे काम करीत असते. ते नसते तर गुठळी गरजेबाहेर पसरली असती. आरोग्य म्हणजे या दोन क्रियांचा तोल होय.

मोठ्या आघातात हा तोल ढळतो. पूर्वी असे मानीत की, शिरेतून दिलेल्या द्रवांमुळे रक्त पातळ होते, आणि म्हणून ते साकळत नाही. ते खरेच आहे, परंतु पुरते नव्हे. लंडन येथील करीम ब्रोही व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये १,०८८ जखमींची पाहणी प्रसिद्ध केली. रुग्णालयात पोहोचताक्षणीच सुमारे एक चतुर्थांश जखमींचे रक्त नीट साकळत नव्हते आणि त्याचे कारण केवळ शिरेतून दिलेला द्रव हे नव्हते. या गटातील मृत्यूंचे प्रमाणही इतरांच्या कितीतरी पट होते. आघात आणि रक्ताभावी होणारी ऊतकांची उपासमार यांतूनच हा दोष उद्भवतो. त्यात थंडी व रक्तातील वाढते आम्ल यांची भर पडली की रक्तस्रावाने दोष वाढतो आणि दोषाने रक्तस्राव वाढतो. हे चक्र काही तासांत, क्वचित काही मिनिटांत, प्राण घेते.

अशा जखमीला ‘रक्त द्यावयाचे’ म्हणजे नेमके काय द्यावयाचे, हा यापुढचा प्रश्न. दात्याचे रक्त आज बहुधा घटकांत विभागून साठवितात: प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, साकळण्याची प्रथिने असलेला रक्तद्रव, प्लेटलेट, आणि फायब्रिनोजेनचा अंश अधिक असलेले क्रायोप्रेसिपिटेट. केवळ तांबड्या पेशी देत राहिल्यास प्राणवायू पोहोचेल, पण वाहणे थांबणार नाही. उलट प्रत्येक घटक सढळ हाताने दिला, तर फुप्फुसांना इजा होण्याचा व नको तेथे गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. शिवाय दात्यांनी दिलेला मर्यादित साठा दुसऱ्या कोणाच्या गरजेच्या वेळी संपलेला असतो. म्हणून उणीव कशाची आहे हे कळणे अगत्याचे ठरते.

ते सांगणाऱ्या जुन्या चाचण्यांपैकी प्रमुख म्हणजे प्रोथ्रॉम्बिन काळ. अमेरिकन शास्त्रज्ञ आर्मंड क्विक यांनी ती १९३५ मध्ये मांडली. या चाचणीत रक्तातून पेशी व प्लेटलेट वेगळ्या काढून उरलेल्या रक्तद्रवात साकळविणारे द्रव्य घालतात आणि पहिले तंतू दिसेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजतात. विशिष्ट प्रथिनांची उणीव शोधण्यासाठी व गुठळीरोधक औषधाची मात्रा ठरविण्यासाठी ती उत्तम आहे. मात्र विरजणाच्या भाषेत बोलावयाचे तर, दही लागावयास केव्हा सुरुवात झाली एवढेच ती सांगते. ते कवडीदार लागले की नाही, आणि पुढे त्याचे चोथापाणी झाले की काय, हे तिला विचारलेलेच नसते. शिवाय प्रयोगशाळेतून उत्तर येईपर्यंत अर्धा-पाऊण तास, पुष्कळदा त्याहून अधिक वेळ जातो. तोवर जखमीची अवस्था बदललेली असते.

दुसऱ्या पद्धतीचा उगम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झाला. हेल्मूट हार्टर्ट यांनी १९४८ मध्ये थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफीचे वर्णन प्रसिद्ध केले. कल्पना साधी आहे. एका लहानशा पेल्यात संपूर्ण रक्ताचा नमुना घेऊन त्यात तारेला टांगलेली एक दांडी सोडावयाची व पेला अगदी थोड्या अंशात मागेपुढे फिरवावयाचा. रक्त पातळ आहे तोवर दांडी स्थिर राहते. गुठळी धरू लागली की पेल्याबरोबर तीही फिरू लागते. तिच्या हालचालीचा आलेख हाच रक्ताचा जबाब. पिट्सबर्ग येथे १९८० नंतरच्या दशकात यकृत-प्रतिरोपणाच्या शस्त्रक्रियांत रक्त देण्यासाठी या आलेखाचा आधार घेतला गेला आणि पुढे आघात-चिकित्सेत त्याचा प्रवेश झाला. आजच्या काही यंत्रांत पेला व दांडी उरलेली नाही. तत्त्व मात्र तेच आहे.

या आलेखातून चार प्रश्नांची उत्तरे मिळतात. साकळण्यास आरंभ केव्हा झाला? उशीर होत असेल तर प्रथिनांची उणीव समजून रक्तद्रव देतात. गुठळी किती वेगाने वाढली? आलेखाचा चढ मंद असेल तर फायब्रिनोजेनकडे लक्ष जाते. तिचे बळ किती? आलेखाची कमाल रुंदी कमी भरली तर मुख्यतः प्लेटलेटची गरज सूचित होते. आणि ती टिकली किती? रुंदी लवकर आटू लागली तर तंतू अकाली तुटत आहेत असे समजून ट्रॅनेक्सॅमिक आम्ल हे औषध विचारात घेतात. पहिल्या खुणा काही मिनिटांत दिसतात. टिकावाचे उत्तर मात्र स्वभावतःच उशिरा मिळते.

या पद्धतीने जीव वाचतात काय? अमेरिकेतील डेन्व्हर येथील १११ रुग्णांचा प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या चाचण्यांवर विसंबलेल्या ५५ रुग्णांपैकी २० दगावले. आलेखावर विसंबलेल्या ५६ पैकी ११ दगावले. विशेष म्हणजे आलेखाच्या गटात पहिल्या दोन तासांत रक्तद्रव व प्लेटलेट कमीच लागल्या. एवढ्यावरून प्रश्न सुटला असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु युरोपातील अनेक केंद्रांत मिळून ३९६ रुग्णांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तसा फरक आढळला नाही. चोवीस तासांनंतर जिवंत असलेले व प्रचंड रक्त द्यावे न लागलेले रुग्ण एका गटात ६७ टक्के, तर दुसऱ्यात ६४ टक्के होते. हा फरक योगायोगाचाही असू शकतो.

या दोन निष्कर्षांत विरोध दिसतो, पण तो समजून घेता येतो. डेन्व्हरचा प्रयोग एकाच केंद्रातील व लहान होता. युरोपातील प्रयोगात दोन्ही गटांना आरंभापासूनच ठरीव प्रमाणात सर्व घटक मिळत होते, आणि पुष्कळ रुग्णांचे रक्त मुळात बऱ्यापैकी साकळत होते. जेथे दुरुस्त करण्याजोगा दोष नाही, तेथे दोष दाखविणारे यंत्र उपयोगी कसे पडावे? सर्वांना सरसकट काहीतरी द्यावे, हा पर्यायही निर्दोष ठरलेला नाही. लवकर क्रायोप्रेसिपिटेट देण्याचा १,६०४ रुग्णांवरील प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मृत्यूंचे प्रमाण घटलेले दिसले नाही.

याहून सूक्ष्म अशी एक मर्यादा आहे. चाचणीचा नमुना सामान्यतः ३७ अंश सेल्सियसला तापवून तपासतात. जखमीचे शरीर ३३ अंशांवर उतरले असले, तरी त्याचे रक्त यंत्रात उबदारच असते, आणि थंडीने आलेला दोष आलेखात उमटत नाही. कॅल्शियमचीही हीच गत. दात्याचे रक्त साकळू नये म्हणून त्यात सायट्रेट घालतात; ते कॅल्शियम बांधून ठेवते, आणि पुष्कळ रक्त दिल्यावर जखमीच्या शरीरातील कॅल्शियम घटते. चाचणीच्या नळीतही सायट्रेटच असते. म्हणून तपासण्यापूर्वी नमुन्यात कॅल्शियम मिसळतात. म्हणजे रुग्णाच्या ठिकाणी असलेली उणीव यंत्रात भरून निघते व नजरेआड होते. निर्दोष आलेख आणि वाहती जखम एकाच वेळी समोर असणे त्यामुळे अशक्य नाही. अशा वेळी पांघरूण, उबदार द्रव, कॅल्शियमचे स्वतंत्र मापन आणि वाहती रक्तवाहिनी बांधणारा शस्त्रवैद्याचा हात, यांना आलेखाचा पर्याय नाही.

तात्पर्य, प्रत्येक चाचणी हा एक ठरावीक प्रश्न असतो आणि तिचे उत्तर त्या प्रश्नाच्या मर्यादेतच खरे असते. म्हणून पहिल्या घटकेस कोणत्याही आलेखाची वाट न पाहता रक्तद्रव, प्लेटलेट व तांबड्या पेशी ठरीव प्रमाणात द्यावयास आरंभ करणे, ट्रॅनेक्सॅमिक आम्ल द्यावयाचे तर आघातापासून तीन तासांच्या आत देणे, आणि उत्तरे येऊ लागताच दर वेळी नवा नमुना घेऊन त्या त्या रुग्णाच्या उणिवेप्रमाणे घटकांचे प्रमाण बदलणे, हा क्रम युक्त ठरतो. चाचणीचे काम आरंभ करून देण्याचे नाही. ते चालू असलेल्या उपचाराला वळण लावण्याचे, आणि पुरेसे झाले की थांबावयास सांगण्याचे आहे.