तापाचे नाव कळावे म्हणून

आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत संस्थेची वाटचाल, देणगीदारांची नामावली आणि वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद असावयाचेच. त्यांच्या पंक्तीला सर्दी-खोकल्यासारखा घरगुती विषय बसवावा की नाही, असा आम्हांस प्रथम संकोच वाटला. परंतु कोणत्याही जुन्या मराठी घराची वंशावळ उलगडून पाहिली, तर १९१८ सालापाशी एक-दोन नावे अकाली थांबलेली आढळण्याचा संभव फार. तेव्हा हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

त्या वर्षीच्या साथीला आपल्या लोकांनी ‘मानमोडी’ म्हटले. जून महिन्यात ती मुंबई बंदरातून देशात शिरली, आगगाडीबरोबर आतल्या मुलखात पसरली आणि पावसाळा सरताना आलेल्या दुसऱ्या लाटेने घरेच्या घरे ओस पाडली. एकट्या हिंदुस्थानात १ कोटीहून अधिक माणसे दगावली, असे अभ्यासक मानतात. लोकांनी रोगाला नाव दिले. पण रोग करणाऱ्याचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ फायफर यांनी १८९२ साली वर्णिलेल्या एका जिवाणूला त्या काळचे बहुतेक डॉक्टर दोषी धरीत. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशातलाच हा प्रकार!

खरा चोर सापडला १९३३ साली, लंडनमध्ये. स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघा संशोधकांनी रोग्याच्या घशाचे धुवण अतिशय बारीक गाळणीतून गाळले आणि ते फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात सोडले. प्राण्याला ताप भरला, तो शिंकू लागला. जिवाणू तर गाळणीतच अडकले होते. म्हणजे गाळणीतून पार गेलेले काही तरी त्याहूनही सूक्ष्म होते. तोच इन्फ्लुएन्झाचा विषाणू.

पुढे ध्यानात आले, की हा एकटाच नाही. तान्ह्या मुलांची छाती भरून आणणारा आर.एस.व्ही. हा विषाणू १९५६ साली उजेडात आला. त्याच्यासारखेच दुखणे आणणारा मेटान्यूमोव्हायरस २००१ साली हॉलंडमध्ये ओळखला गेला. साध्या पडशाचे ऱ्हायनोव्हायरस, ॲडेनोव्हायरस आणि कोरोनाचे अनेक प्रकार निराळेच. नाक वाहणे, घसा दुखणे, ताप, खोकला, अंग मोडून येणे ही लक्षणे थोड्याफार फरकाने सर्वांची सारखीच. अनुभवी डॉक्टरांनाही नुसती नाडी पाहून व छाती तपासून, आत नेमका कोण बसला आहे, हे खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी नमुना तपासावा लागतो.

हा नमुना घेतात कसा? कृत्रिम तंतूंचा बारीक बोळा लावलेली लवचिक काडी नाकपुडीतून पार मागे, नाक व घसा जेथे मिळतात तेथवर नेऊन हलकेच फिरवितात. डोळ्यांत पाणी येते, शिंक येते. पण काही क्षणांचाच त्रास. ती काडी विषाणू टिकवून धरणाऱ्या द्रवाच्या नळीत बुडवून, नळीवर नाव व तारीख घालून, बर्फाच्या डब्यात प्रयोगशाळेकडे रवाना करतात. डबा तापला किंवा नळी चार दिवस पडून राहिली, तर पुढील सर्व खटाटोप फुकट जातो. धारहून इंदूर जरी धरले, तरी सुमारे ६५ किलोमीटरचा रस्ता आहे. म्हणून तपासणीचे निम्मे यश काडी फिरविणाऱ्या हातावर आणि बर्फाच्या डब्यावर अवलंबून असते, असे म्हटले तरी चालेल.

प्रयोगशाळेत जे होते, ते बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांच्या गोष्टीसारखे आहे. नमुन्यातील विषाणू इतके थोडे असतात, की ते सरळ दिसणे अशक्य. इन्फ्लुएन्झा, कोरोना यांसारख्या विषाणूंचा वंशलेख आर.एन.ए. या रसायनात असतो. प्रथम त्याची डी.एन.ए. रूपातील नक्कल करतात. मग यंत्रात ती सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवून पुन्हा ६० अंशांच्या आसपास निववितात. अशा प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. एकाच्या दहा फेऱ्यांत १,०२४, वीस फेऱ्यांत १० लाखांवर आणि तीस फेऱ्यांत १०० कोटींवर! हव्या त्या विषाणूचाच लेख वाढावा अशी योजना आधीच केलेली असते, आणि तो वाढला की नळीत प्रकाश उमटतो. कॅरी मलिस यांना ही दुपटीची युक्ती १९८३ साली सुचली व १९९३ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. पट्टीवर रेघ उमटणारी झटपट तपासणी निराळी. ती अर्ध्या तासाच्या आत उत्तर देते. परंतु विषाणू थोडे असले, तर तिची नजर चुकते.

आपल्या देशात या कामाचे मोठे पीठ पुण्यास आहे. १९५२ साली तेथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू संस्था या नावाने ओळखले जाते. २००९ च्या ऑगस्टात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यातच घेतला, तेव्हा नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. ३० जानेवारी २०२० रोजी केरळमधील देशाचा पहिला कोरोनारुग्ण जाहीर झाला, तो याच संस्थेच्या अहवालावरून. आपल्या मध्य प्रदेशात मात्र त्या वेळी तपासणीची सोय प्रारंभी भोपाळ व जबलपूर येथेच होती. मागाहून इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात ती सुरू झाली. एप्रिलमध्ये इंदुरात नमुने इतके साचले, की काही विमानाने दिल्लीस धाडावे लागले. अहवालाची वाट पाहणे म्हणजे काय, हे माळव्यातील घराघराने तेव्हा अनुभवले. अहवालाच्या धास्तीने ताप लपविणारी माणसेही आम्ही पाहिली. ताप लपविल्याने उतरत नाही. तो घरातील वृद्धांपर्यंत पोहोचतो मात्र.

कोणी विचारील, नाव कळून उपयोग काय? उपयोग तिहेरी आहे. पहिला रोग्यास. दुखणे इन्फ्लुएन्झाचे ठरले, तर त्यावरील ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत दिल्यास अधिक गुण येतो. विषाणूवर अँटिबायोटिक गोळ्या चालत नाहीत. डॉक्टरांना विचारल्यावाचून घरातील उरलेल्या गोळ्या देणे व्यर्थच नव्हे, अपायकारकही आहे. दुसरा उपयोग घराला. कोणाला किती दिवस दूर ठेवावयाचे, हे समजते. तिसरा समाजाला. जगभरच्या नमुन्यांवरून जागतिक आरोग्य संघटना दर वर्षी फेब्रुवारीत व सप्टेंबरात इन्फ्लुएन्झाच्या लशीत कोणते वाण असावेत, हे सांगते. ‘बी यामागाता’ हे वाण मार्च २०२० नंतर खात्रीने कोठेच आढळले नाही, म्हणून लशीतून ते वगळण्याचा सल्ला दिला गेला. असा निर्णय कोणाच्या तरी घशातील नमुन्यांवरच उभा असतो.

तथापि अहवाल हे ब्रह्मवाक्य नव्हे. विषाणू बहुधा पहिल्या तीन-चार दिवसांत भरपूर असतात. उशिरा किंवा वरवर घेतलेल्या नमुन्यात ते निसटतात. उलटपक्षी, बरे झाल्यावरही मृत विषाणूंचे अवशेष काही दिवस यंत्राला दिसत राहतात. म्हणून कागद व रोगी दोन्ही डॉक्टरांपुढे असावेत. प्रत्येक पडशाला तपासणी नकोच. पण वृद्ध, गर्भवती, दमेकरी, मधुमेही आणि तान्ही मुले यांच्या बाबतीत डॉक्टरांनी नमुना मागितला, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये.

आयाबहिणींनी एक आकडा मात्र पाठ करून ठेवावा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६०, वर्षाच्या आतील मुलाचे ५० आणि पाच वर्षांखालील मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मोठ्या माणसाला धाप लागली वा ते असंबद्ध बोलू लागले, तरीही तेच करावे.

शेवटी कार्यकारी मंडळास आमची एक नम्र सूचना. या महोत्सवी वर्षापासून सभासदांच्या घरांतील वृद्धांना डॉक्टरांच्या सल्ल्याने दर वर्षी इन्फ्लुएन्झाची लस देण्याची आणि गरजू रुग्णाच्या तपासणीचा खर्च उचलण्याची व्यवस्था संस्थेने करावी. मानमोडीच्या वर्षी आपल्या पूर्वजांपाशी हे ज्ञान नव्हते. त्यांचा इलाज नव्हता. आपल्यापाशी ते आहे. पुढच्या महोत्सवी अंकात आपल्या वंशावळी वाचणाऱ्यांना एखादे नाव अकाली थांबलेले दिसू नये, एवढीच आमची इच्छा.