शेडमध्ये सडत असलेली आजोबांची जीप पुन्हा रस्त्यावर आणता येते का? काय काय करावं लागतं?

नांदेडहून लातूरला निघालात की लोहा मागे पडतं आणि मग अहमदपूर लागतं. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात शिरा, एखाद्या वाड्यामागे पत्र्याचं शेड असतं. त्यात कडब्याच्या पेंढ्या, फुटकं स्प्रिंकलर, आणि त्याच्या मागे एक जीप. टायर बसलेले, बॉनेटवर कोंबड्या.

माझ्या मामाच्या शेडमध्येही अशीच एक आहे. आजोबांनी ती सरकारी लिलावात घेतली होती. मागचे बाक आणि टप काढून त्यांनी तिथे लोखंडी हौदा बसवला आणि जीपचं पिकअप केलं. भाजीपाला, खताच्या गोण्या, एकदा तर म्हैससुद्धा. आजोबा गेले, मामाने टेम्पो घेतला आणि जीप उभी राहिली ती राहिलीच. गेल्या दिवाळीत भंगारवाला दारात आला तेव्हा मामाचा फोन आला, "तीस हजार द्यायलाय लेका, देऊ का?"

भाव तसा बरोबर होता. या जीपचं वजन साधारण एक टन, लोखंडाचा भाव किलोला तीस रुपये धरा. मी म्हटलं, आठ दिवस थांब. मग ते आठ दिवस वाढतच गेले. या काळात जे कळलं ते इथे लिहितोय, कारण असा फोन घराघरात येत असणार.

आधी ही गाडी आहे कोणती?

१९४५ साली महिंद्रा कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिचा धंदा पोलादाचा होता. १९४७ मध्ये अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या ७५ जीपांचे सुटे भाग आले आणि मुंबईत माझगावला त्यांची जोडणी झाली. पुढे जीप इथेच बनायला लागली. सगळ्यात जास्त दिसणारं जुनं मॉडेल म्हणजे सीजे-३बी. उंच बॉनेट, पुढे उभ्या पट्ट्यांची जाळी. बॉनेट उंच असायचं कारण त्याखालचं इंजिन उंच होतं, २१९९ सीसीचं 'हरिकेन' पेट्रोल इंजिन.

तहसीलदार, बीडीओ, पाटबंधारे, कृषी, सगळ्या खात्यांची गाडी एकच, जीप. ती जुनी झाली की लिलावात निघायची आणि शेतकरी, ठेकेदार, वडापवाले ती उचलायचे. पेट्रोल परवडायचं नाही, म्हणून अनेकांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. महिंद्राने स्वतःही पुढे जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन दिलं. त्यामुळे आपल्याकडे गावच्या ट्रॅक्टर मिस्त्रीला या गाडीचं इंजिन परकं वाटत नाही.

आणि हो, 'टेम्पो' हा शब्दसुद्धा असाच आलाय. जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी करार करून फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू केली. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, पण मालवाहू छोटी गाडी म्हणजे टेम्पो हे आपल्या जिभेवरून काही गेलं नाही.

१५ वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात द्यावीच लागते?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद, ही भानगड दिल्ली आणि भोवतालच्या पट्ट्याची. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासणीत पास झाली तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, पर्यावरण कर भरावा लागतो.

नियम बदलला तो सरकारी गाड्यांचा. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणी वाढत नाही, ती थेट अधिकृत स्क्रॅप केंद्रात जाते. म्हणजे ज्या लिलावातून आजोबांनी जीप आणली तो रस्ता आता बंद झालाय. शेडमध्ये ज्या आहेत त्याच उरल्यात.

नूतनीकरण मात्र स्वस्त राहिलेलं नाही. २०२२ पासून फी वाढली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या हलक्या चारचाकीसाठी ती १० हजार रुपये झाली. मुदत टळली असेल तर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क वेगळं. हे आकडे वरचेवर बदलतात, त्यामुळे पैसे भरायच्या आदल्या दिवशी परिवहनच्या पोर्टलवर पुन्हा बघा.

पान्हा नंतर, आधी आरसी बुक

युट्यूबवर 'रिस्टोरेशन'चे व्हिडिओ बघितले तर पहिल्या मिनिटाला पान्हा हातात असतो. माझं मत स्पष्ट आहे, आधी ट्रंक उघडा. आमच्याकडे आरसी बुक आजीच्या ट्रंकेत, शेताच्या सातबाऱ्यांखाली सापडलं. पाच गोष्टी बघायच्या होत्या.

नंबर. १९८९ च्या जुलैमध्ये नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि एमएच-२६ म्हणजे नांदेड, एमएच-२४ म्हणजे लातूर अशी पद्धत आली. त्याआधी तीन अक्षरं आणि चार आकडे असायचे. मामाची जीप १९७८ ची, तीन अक्षरांची. अशा गाडीची माहिती 'वाहन' प्रणालीत बहुतेक वेळा नसते. मग आरटीओत 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यावी लागते, त्यासाठी मूळ रजिस्टरमधली नोंद लागते. त्यात आणखी एक गोम आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला, म्हणजे त्याआधीच्या गाडीची मूळ नोंद लातूरला न सापडता धाराशिवला सापडू शकते. आम्ही दोन चकरा याच कारणाने मारल्या.

नाव. गाडी आजोबांच्या नावावर होती. मालक वारला की वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करायची, असा नियम आहे. आपल्याकडे शेत नावावर करायलाच दहा वर्षं लागतात, जीपचं कोण बघतो! उशीर झाला तरी काम होतं, पण मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. आमच्याकडे वारस म्हणजे मामा, माझी आई आणि दोन मावश्या. पुण्याच्या मावशीने सही करायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "विकणार तर नाहीस ना?"

चासी नंबर. आरसीवरचा आकडा आणि लोखंडावर ठोकलेला आकडा जुळलाच पाहिजे. गंजाने आकडा दिसत नसेल तर तिथे ग्राइंडर लावू नका. डिझेलात भिजवलेलं फडकं आणि मऊ पितळी ब्रश, बस्स. आकडा एकदा घासला गेला की गाडीची ओळखच पुसली जाते.

इंजिन. आमची धाकधूक इथेच होती. आरसीच्या पहिल्या पानावर इंधन पेट्रोल, आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन. पण मागच्या पानावर निळ्या शाईत इंजिन बदलाची नोंद आणि शिक्का निघाला. आजोबांनी रीतसर परवानगी घेतली होती. ती नोंद नसती तर सगळं प्रकरण तिथेच अडकलं असतं.

पाचवी गोष्ट बॉडी, आणि इथे आजोबा चुकले होते. हौद्याची नोंद कुठेच नाही. कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या निकालात हे आणखी ठामपणे सांगितलं. म्हणजे ज्या रूपात आम्ही ती गाडी लहानपणापासून बघितली, ते पिकअपचं रूप कागदावर कधी अस्तित्वातच नव्हतं. रस्त्यावर आणायची तर हौदा काढून मूळ जीपची बॉडी करणं हाच सरळ मार्ग.

व्हिंटेज म्हणून नोंद केली तर?

हा प्रश्न मलाही पडला होता. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम आणला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा प्रवासी चारचाकी, मूळ रूपात असलेली. नव्या नोंदणीची फी २० हजार, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर.

मामाची जीप २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. तरी उपयोग नाही, कारण इंजिन किंवा बॉडीत मोठा बदल झालेली गाडी यात बसत नाही. आणि मालवाहू म्हणून नोंद असलेल्या खऱ्या पिकअपला तर ही सवलतच नाही, नियम प्रवासी गाड्यांपुरता आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं, मग ती कितीही जुनी आणि कितीही लाडकी असो.

आता पान्हा

आपल्याकडे 'गॅरेज' म्हणजे मिस्त्रीचं दुकान. घरचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड, दोन जॅक आणि लाकडी ठोकळे. तेवढ्यात बरंच होतं. फक्त एक पथ्य पाळा, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच शिरू नका. ठोकळे लावा, चाकांना उटी लावा.

सगळ्यांना पहिली घाई इंजिन चालू करायची असते. मामाने तर बॅटरी आणूनही ठेवली होती. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटतात. स्टार्टर मारला की रिंग तुटते, नाहीतर सिलिंडरला ओरखडे पडतात, आणि जे काम हजारांत झालं असतं ते फुल इंजिनवर जातं. म्हणून आधी नोझल काढायचे (पेट्रोल असेल तर प्लग), प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडायचं आणि दोन-चार दिवस विसरून जायचं. मग क्रँक पुलीच्या नटाला पान्हा लावून हाताने, हळूहळू, पुढे-मागे. आमचं इंजिन चौथ्या दिवशी हललं. मामाच्या तोंडून निघालेला शब्द इथे छापता येणार नाही.

जुनं ऑइल दुधासारखं पांढरट निघालं तर आत पाणी गेलंय असं समजा. हेड गॅस्केट उडालेली असू शकते किंवा हेडला चीर. डिझेलची टाकी पूर्ण उतरवून धुवायची, तळाशी काळा गाळ असतो. फिल्टर नवे टाकायचे आणि लाईनमधली एअर काढायची.

मराठवाड्याचं हवामान एका बाबतीत आपल्या बाजूने आहे. कोकणात अशी उभी गाडी काही पावसाळ्यांतच चाळण होते, इथे चासी टिकते. तरी फ्लोअरच्या खाली, बॉडी जिथे चासीवर बसते तिथे आणि मागच्या आडव्या पट्टीवर हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळ.

विरुद्ध बाजूला आहे ते आपलं पाणी. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की आत पांढरा थर साचतो, अगदी किटलीत साचतो तसा. वाट अरुंद होते, इंजिन तापतं. मग मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं. रेडिएटर उतरवून रॉड मारून घ्या आणि पुढे डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट घाला. धुण्याचंही तेच. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे चासीवर तासभर प्रेशर वॉशर मारायला मन होत नाही. गरजही नाही. तारेचा ब्रश, खरवडणी, मग रस्ट कन्व्हर्टर आणि रेड ऑक्साइड. गंजावर थेट रंग मारला तर वर्षभरात फोड येतात.

ब्रेकमध्ये काटकसर नको. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना ड्रम आणि एकच लाईन. एका जागी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, होज पाईप, सगळं नवं टाका. पूर्वी अडीअडचणीला कुणी ब्रेक ऑइलच्या डब्यात इंजिन ऑइल ओतलेलं असतं, त्याने रबर फुगतात, म्हणून लाईनही धुवा. वायरिंगचंही तसंच. उंदरांनी कुरतडलेल्या वायरींना टेप गुंडाळत बसण्यापेक्षा पूर्ण संच बदललेला बरा, आग लागते ती इथूनच.

तुमची गाडी अजून पेट्रोलवर असेल तर आणखी एक गोष्ट. २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा ओढतं आणि जुन्या काळच्या रबराला सोसत नाही. पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गॅस्केट, नळ्या इथेनॉल चालेल अशा घ्या आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी करू नका. इथेनॉल बनतं ते आपल्याच उसापासून, त्यामुळे लातूरकराला तक्रार करायलाही अवघड!

रंग कुठला द्यायचा?

हिरवा मिलिटरी रंग सगळ्यांना हवा असतो, आणि नेमका तोच चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. मामाने आरसीवरचा मूळ रंग, पांढरा, ठरवलाय. नंबर प्लेटही एचएसआरपी लागेल, २०१९ च्या एप्रिलआधीच्या सगळ्या गाड्यांना ती महाराष्ट्रात सक्तीची केली आहे.

सध्या जीप ठोकळ्यांवर आहे. ब्रेक झालेत, रेडिएटर अहमदपुरात रॉड मारायला दिलाय, नाव बदलाचा अर्ज आत गेलाय. हौदा कापून काढला. तो भंगारात द्यायला मामा तयार नव्हता. शेजारच्या आखाड्यावर नेऊन ठेवलाय, म्हशी आता त्यात वैरण खातात.