नंबर कुणाचा, जर्सी कुणाची?

गेल्या पावसाळ्यात बेळगावला एका कार्यक्रमासाठी निघालो होतो. सावंतवाडी सोडून घाट चढलो आणि आंबोलीत पावसाने गाठले. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही! दहा हातांवरचा माणूस दिसेना, तेव्हा गाडी बाजूला घेऊन चहाच्या टपरीत शिरलो. आत सात-आठ पोरे बसली होती. पुढच्या मोसमातील टेनिस बॉल स्पर्धेसाठी जर्सी छापायला द्यायच्या होत्या, आणि कोणता नंबर कुणी घ्यायचा यावर कडाक्याचे भांडण चालले होते.

‘दहा म्हटल्यार सचिनच, दुसरो कोण?’ एक म्हणाला. ‘आणि मेस्सी खंय गेलो?’ दुसऱ्याने लगेच उत्तर दिले. गोवा हाकेच्या अंतरावर असल्याने इकडच्या पोरांच्या डोक्यात क्रिकेटइतकाच फुटबॉलही असतो. सात नंबरवर धोनी की रोनाल्डो, अठरावर कोहलीशिवाय दुसरे कोण, पंचेचाळीस म्हणजे रोहित, असा एकेक नंबर घेऊन त्यातला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवणे सुरू होते. मला विचारले, ‘काकानू, तुमचो दहा नंबर कोण?’ मी हसून वेळ मारून नेली. पण बेळगावला पोहोचेपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

हा खेळ आपल्या पोरांचाच आहे असे नाही. अमेरिकेत तर तो मोठा उद्योगच आहे. तिथे कॉलेजच्या फुटबॉलला आपल्याकडच्या कसोटी सामन्यासारखी गर्दी होते. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, तर लांबट चेंडू हातात घेऊन धडका देत धावायचा. तेथील वर्तमानपत्रे आणि वाहिन्या शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक नंबरचा सर्वश्रेष्ठ कॉलेज खेळाडू कोण, याच्या याद्या काढतात आणि लोक त्यावर महिनोन्महिने वाद घालतात. करमणूक म्हणून ठीक आहे. परंतु वाचकहो, अशा प्रत्येक यादीत एक न छापलेली अट असते. ज्याला जर्सी मिळाली, त्याचाच यात विचार होतो. ज्याला ती मिळूच दिली नाही, तो कितीही गुणवान असला तरी यादीत येणार कुठून?

अलाबामा विद्यापीठाचे उदाहरण घ्या. अमेरिकेच्या दक्षिण भागातील हा कॉलेज फुटबॉलचा बलाढ्य संघ. त्यांच्या मुख्य संघातून पहिला काळा खेळाडू मैदानात उतरला तो १९७१ साली. त्याआधीच्या वर्षी, सप्टेंबर १९७० मध्ये, कॅलिफोर्नियाहून आलेल्या यूएससीच्या संघाने त्यांना त्यांच्याच राज्यात ४२-२१ असे हरवले. त्या दिवशी सॅम कनिंगहॅम या काळ्या तरुणाने १३५ यार्ड धावून दोन टचडाऊन केले. त्याच्या पाठीवर नंबर होता ३९. आता विचार करा, अलाबामाच्या १९७१ पूर्वीच्या कोणत्याही नंबरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवायचा तर स्पर्धा कुणाकुणात होती? फक्त गोऱ्यांत. अर्ध्या समाजाला दाराबाहेर ठेवून आत कुस्ती लावायची आणि जिंकणाऱ्याला हिंदकेसरी म्हणायचे, यालाच प्रस्थापितांच्या भाषेत ‘गुणवत्ता’ म्हणतात!

याउलट न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठाच्या ४४ नंबरची कथा आहे. १९५० च्या दशकात तो जिम ब्राऊनने घातला. त्याच्यानंतर अर्नी डेव्हिसने आणि पुढे फ्लॉईड लिटलने. तिघेही काळे, तिघेही अव्वल. १९६१ साली कॉलेज फुटबॉलमधील सर्वोच्च मानली जाणारी हाईजमन ट्रॉफी अर्नी डेव्हिसला मिळाली. ती मिळवणारा तो पहिला काळा खेळाडू. हाच डेव्हिस १ जानेवारी १९६० रोजी टेक्सासमध्ये कॉटन बाऊलच्या सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. रात्री सत्काराची मेजवानी होती. त्याला सांगण्यात आले, बक्षीस घ्यायला या, पण घेतल्यावर निघून जा. खेळ चालतो, खेळाडू पंगतीला चालत नाही! १९६३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. पण त्याचा ४४ नंबर विद्यापीठाने लगेच कपाटात बंद केला नाही. तो २००५ साली निवृत्त करण्यात आला. तोपर्यंत नव्या पोरांच्या अंगावर तो चढत राहिला.

ही पंगतीची गोष्ट वाचताना आपल्याला आपलेच काही आठवत नाही काय? त्यासाठी पुण्यात यावे लागेल, आणि तेही सव्वाशे वर्षे मागे.

बाळू पालवणकर. धारवाडला जन्म, आडनाव मात्र पालवण या कोकणातल्या गावावरून आलेले, जात चर्मकार. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर महिना चार रुपयांवर हा मुलगा खेळपट्टी झाडायचा, रोलर फिरवायचा, जाळी बांधायचा. मग साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकू लागला. ग्रेग नावाचा त्या काळचा नामांकित फलंदाज प्रत्येक वेळी बाद झाल्यावर त्याला आठ आणे द्यायचा, असे सांगतात. चेंडू हवा तितका टाका, पण बॅट हातात मिळणार नाही! राबण्याचे काम खालच्याचे, फटके मारण्याचा मान वरच्याचा. वर्णव्यवस्था क्रिकेटच्या मैदानात उतरली ती अशी.

पुढे हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, तेव्हा याच बाळूची आठवण झाली. मैदानात सवर्ण खेळाडू त्यांच्याच चेंडूवर झेल घेत. पण चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा. जेवणाला वेगळे ताट, वेगळे टेबल. चेंडूला विटाळ होत नाही, कपाला मात्र होतो! १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंच्या फिरकीचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात सगळे सामने मिळून बाळूंनी ११४ बळी घेतले. परतल्यावर हा माणूस हिंदू संघाचा कर्णधार व्हायला हवा होता. तो मान त्यांना कधीच दिला गेला नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निषेध करून खेळण्यास नकार दिला. अखेर व्यवस्थेला नमावे लागले आणि बाळूंना उपकर्णधार केले गेले. कर्णधारपद पालवणकरांच्या घरात आले ते १९२३ साली, विठ्ठलच्या रूपाने.

आता सांगा, बाळूंचा नंबर कोणता? नाही! त्या काळी क्रिकेटच्या पांढऱ्या कपड्यांवर नंबर नसत. कसोटीच्या जर्सीवर नंबर आले तेच २०१९ साली. तेव्हा नंबरांची यादी काढून क्रिकेटचा इतिहास मोजायला बसलो, तर ज्याने भारतीय गोलंदाजीचा पाया घातला तो माणूस पहिल्याच पायरीवर गळतो.

इथे आपल्याच माणसांकडून एक आक्षेप येईल आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बाळू राजकारणात बाबासाहेबांच्या बाजूला नव्हते. स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीला त्यांनी साथ दिली नाही. १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. ते सुमारे दोन हजार मतांनी हरले. ज्या काँग्रेसी हिंदूंनी त्यांना आयुष्यभर कर्णधार केले नाही, त्यांच्याच वतीने ते उभे राहिले हे दुःखदायक आहे. त्यामुळे चळवळीने बाळूंना जवळ केले नाही आणि प्रस्थापित तर त्यांना कधीच विसरले होते. दोन्हीकडून हा माणूस पोरका झाला.

मला वाटते, हा हिशेब आता वेगवेगळा मांडावा. १९३७ ची चूक ती चूकच. ती झाकण्याचे कारण नाही. परंतु मातीच्या भांड्यातील चहा पिऊन ११४ बळी घेणे ही आपल्या समाजाची कमाई आहे. ती आपण सोडून दिली, तर ती सांभाळायला दुसरे कोण येणार?

जगात याद्या दुरुस्तही होतात. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये काळ्यांना मुख्य स्पर्धेत प्रवेश नव्हता. त्यांच्या वेगळ्या स्पर्धा भरत. जॉश गिब्सन हा त्यातला अफाट फलंदाज. १९४७ च्या जानेवारीत तो वारला आणि तीनच महिन्यांनी, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सनने ४२ नंबरची जर्सी घालून ती भिंत पाडली. १९९७ साली साऱ्या संघांसाठी तो ४२ नंबर निवृत्त झाला. पण दरवर्षी १५ एप्रिलला सगळे खेळाडू, गोरे-काळे सगळे, ४२ नंबरच घालून खेळतात. आणि २०२४ साली काळ्यांच्या स्पर्धांतील आकडे अधिकृत नोंदींत सामील करण्यात आले. त्याबरोबर मेल्यानंतर ७७ वर्षांनी जॉश गिब्सन फलंदाजीच्या सर्वकालीन सरासरीत पहिला झाला! ज्याला जर्सी नाकारली होती, तो यादीच्या डोक्यावर बसला.

आपल्याकडे काय होते? २०१७ साली पालघरच्या शार्दूल ठाकूरने पहिल्याच एकदिवसीय सामन्यात १० नंबर घातला, तर देशभर ओरड झाली की सचिनचा नंबर याने घेतलाच कसा! त्याने तो सोडून ५४ घेतला. पुढे बोर्डाने १० कुणालाही न देण्याचे ठरवले आणि २०२३ मध्ये धोनीचा ७ ही तसाच बंद झाल्याची बातमी आली. सचिन-धोनींच्या कर्तृत्वाबद्दल वाद नाही. पण नंबराला सोवळ्यात ठेवणे ही कुठली रीत? मूर्ती करायची, गाभाऱ्यात ठेवायची आणि इतरांना शिवू द्यायचे नाही, ही सवय आपल्याला चांगलीच परिचयाची आहे. खरे तर नंबरात काही नसते. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलचे नंबर इतके कसेही वाटले गेले की गोलरक्षकाच्या पाठीवर ३ आला आणि लहानपणी बूटपॉलिश केलेल्या सतरा वर्षांच्या काळ्या पोराला १० मिळाला. तो पेले होता म्हणून दहा मोठा झाला. दहा होता म्हणून पेले मोठा झाला नाही!

आपल्या वस्त्यावस्त्यांतून १४ एप्रिलच्या निमित्ताने क्रिकेटच्या स्पर्धा होतात. बाबासाहेबांचा १४ आणि रॉबिन्सनचा १५, तारखाही कशा शेजारी आल्या आहेत! माझी मंडळांना विनंती आहे, सर्वोत्कृष्ट गोलंदाजाचे बक्षीस बाळू पालवणकरांच्या नावाने द्या. देताना त्यांची संपूर्ण गोष्ट सांगा, १९३७ सकट. आणि वर्गणीतून जर्सी छापताना ज्या पोराला पैसे भरता येत नाहीत, त्याची जर्सी आधी छापा. सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद त्यानंतर खुशाल घाला.

हे शेवटचे का सांगतो? आंबोलीच्या त्या टपरीत पोरे अकरा नावे कागदावर लिहून नंबर वाटत होती. कोपऱ्यात एक बारावा मुलगा उभा होता. सगळ्यांना चहा आणून देत होता, झुडपात गेलेला चेंडू शोधायचे कामही त्याचेच असावे. त्याला कुणी विचारले नाही, ‘तुका खंयचो नंबर व्हयो?’ मीही विचारले नाही. पाऊस ओसरला तसा उठून गाडीत बसलो. ती चूक माझी आहे, आणि ती मला इथे कबूल करायची होती.

जय भीम!