चाकोरीबाहेर (लेखांक ६) : पहिला खर्च कशावर?

बेंगळुरूच्या येलहंक्यात चाकांचा एक कारखाना आहे. मी न्यू टाऊनमध्ये राहतो, तिथून ही रेल व्हील फॅक्टरी फार लांब नाही. १९८४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव व्हील अँड ॲक्सल प्लांट होतं. आगगाडीची चाकं इथं ओतली जातात. पोलादी चाक पोलादी रुळावर टेकतं ती जागा साधारण नाण्याएवढी, आणि तेवढ्यावर कित्येक टनांचा भार. ना चाक चपटं होतं, ना रूळ दबतो, म्हणून तर इंजिन एवढं ओझं ओढून नेतं. आपल्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवायचा. तिचंही तत्त्व तेच, फक्त खाली रूळ नव्हता, माती होती. धाव मातीत रुतत गेली आणि तिनंच चाकोरी पाडली. पुढे ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्यानं धावेचं चाक काढून हवेचा टायर बसवला, तेव्हा बैलांचा जीव जरा हलका झाला.

लेखमालेचं नाव ‘चाकोरीबाहेर’ ठेवलं तेव्हा यातलं काही डोक्यात नव्हतं. आठवलं ते भाच्यामुळे.

भाचा बेळगावचा, नोकरी हेब्बाळला. दिवाळीच्या आधी त्यानं जुनी इसुझू व्ही-क्रॉस घेतली, आणि घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी दारात उभा. ‘मामा, ऐंशी हजार बाजूला ठेवलोय. आधी काय बसवू, सांगा की.’ हातात यादी होती. लिफ्ट किट, पुढे लोखंडी बुलबार, त्यात विंच, छतावर दिव्यांची पट्टी, स्नॉर्कल. टायर यादीत शेवटून दुसरे. मी विचारलं, ‘गाडी आतापर्यंत कुठं अडली?’ अडायला ती कुठं गेलीच नव्हती.

मागच्या दोन लेखांकांत आपण फोर-हाय आणि फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारे दोन गिअर, पाहिले. त्यानंतर वाचकांची जी पत्रं आली त्यातली निम्मी भाच्याच्या यादीसारखीच आहेत, म्हणून हा लेखांक त्याच्याच गाडीवर.

त्या रविवारी दोघं दोड्डबळ्ळापूर रस्त्याला लागलो. पहाटेची नंदी हिल्सची गर्दी टाळली आणि माकळीदुर्गाच्या अलीकडे ट्रॅक्टरची एक कच्ची वाट धरली. आदल्या रात्री पाऊस झालेला. पहिल्याच बांधावर खरर्र आवाज आला. खाली उतरून बघतो तर पायरी, म्हणजे दरवाजाखालचा फूटबोर्ड, बांधाला घासलेला. पिकअप म्हणजे लांबलचक प्रकरण. व्ही-क्रॉसच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये तीन मीटरहून जास्त अंतर, एकूण लांबी सव्वापाच मीटरच्या वर. पुढचं चाक उंचवटा ओलांडून गेलं की गाडीचं पोट त्यावर बसतं, आणि पोटाखाली सगळ्यात आधी लोंबते ती पायरी. या गाडीची पहिली सुधारणा विकत मिळत नाही, पान्यानं काढून ठेवावी लागते. (घरातल्या वडीलधाऱ्यांना चढायला पायरी लागत असेल तर हा सल्ला सोडून द्या. आईला रोज उचलून बसवण्यापेक्षा बांध टाळलेला बरा.)

दुसरी अडचण लाल चढावावर आली. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला काळी माती कळते. ती चिकटते, चाकाला लाडवासारखी चढत जाते. इथली लाल माती वेगळ्या पद्धतीनं फसवते. पावसानंतर वरचा बोटभर थर साबणासारखा होतो, खाली मात्र मुरुमासारखं घट्ट असतं. टायरच्या नक्षीत तो साबण भरला की टायर गुळगुळीत. त्यातून पिकअपचा हौदा रिकामा, मागं वजनच नाही, त्यामुळे मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. भाच्यानं फोर-हाय टाकलं, गाडी दोन हात वर गेली आणि तिरकी होऊन थांबली.

‘लॉकर पाहिजे होता बघा,’ तो म्हणाला. (लॉकर म्हणजे ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप.)

टायरमध्ये हवा होती ३५ पीएसआय. काडीनं व्हॉल्व्हची पिन दाबून चारही टायर २० वर आणले. दहा मिनिटं गेली. तीच गाडी, तेच झिजायला आलेले हायवेचे टायर, तोच चढाव. या वेळी ती फारशी कुरकुर न करता वर गेली.

यात जादू नाही, भागाकार आहे. एका चाकावर समजा ५०० किलो म्हणजे सुमारे ११०० पौंड भार आहे. पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड. ३५ नं भागलं तर जमिनीला टेकणारी जागा सुमारे ३१ चौरस इंच येते, २० नं भागलं तर ५५. टायरच्या कडाही थोडा भार उचलतात, त्यामुळे आकडा तंतोतंत जुळत नाही, पण दिशा हीच. शिवाय ही जागा रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढते, रणगाड्याच्या पट्ट्यासारखी. मऊ झालेला टायर खडकाच्या कंगोऱ्याभोवती वळतो, त्यावरून उडी मारत नाही.

ही युक्ती जुनी आहे. राल्फ बॅग्नॉल्ड नावाचा ब्रिटिश अधिकारी १९३० च्या आसपास फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन लिबियन वाळवंटात हिंडत असे. टायरमधली हवा कमी करणं आणि रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळी सरकवणं, ही त्याची मुख्य हत्यारं. आज प्लॅस्टिकच्या रिकव्हरी बोर्डांना आपण भरपूर पैसे मोजतो, त्यांचा आजा म्हणजे ती पन्हळ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं पाण्यातून किनाऱ्यावर चढणारा डक हा ट्रक बनवला, त्यात चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता येत असे. आणि २००७ मध्ये ‘टॉप गिअर’ या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमाची मंडळी उत्तर चुंबकीय ध्रुवाकडे गेली ती टोयोटाच्या हायलक्स पिकअपनं. आइसलँडच्या आर्क्टिक ट्रक्सनं तयार केलेल्या त्या गाडीकडे बघताना डोळे राक्षसी टायरांवरच जातात, पण बर्फावर ते टायर चालतात ते जवळजवळ मोकळे केलेले असतात म्हणून.

इथल्या पंक्चरवाल्याकडे गेलात तर तो विचारेल, ‘गाळि एष्टु?’ कन्नडमध्ये गाळि म्हणजे हवा. इथं आलो त्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, हा माझ्या चाकाला लागलेल्या गाळाबद्दल बोलतोय. आता भाच्याला सांगताना तेच वापरलं : गाळात जायचं तर गाळि काढायची.

काढणं सोपं, भरणं अवघड. म्हणून पहिला खर्च : एक बरा गेज आणि एक बरा कॉम्प्रेसर. बरा म्हणजे सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायचा खेळण्यातला नव्हे. त्या भोकाचा फ्यूज लहान असतो आणि मोठ्या टायरला हवा भरताना उडतो. बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या आणि सलग किती मिनिटं चालतो ते विचारा. चार टायर भरेपर्यंत त्याला दम लागू नये. २० पीएसआयवर डांबरी रस्त्याला लागायचं नाही, वेग तीस-चाळीसच्या आत ठेवायचा, झटक्यात वळायचं नाही, नाहीतर टायरची कड रिमवरून निसटते. मातीतून बाहेर पडल्यावर पहिला पेट्रोल बंक पंधरा किलोमीटरवर असेल तर तोवर काय करणार? कॉम्प्रेसर त्यासाठी.

दुसरा खर्च : टायर. इथं माझं मत थोडं आडमुठं आहे : आहेत ते झिजेपर्यंत बदलू नका. भाच्याचे झिजायला आले होते, त्यामुळे त्याच्या ऐंशी हजारांतला मोठा वाटा तिकडेच जाणार हे ठरलेलं होतं. प्रश्न एवढाच की एटी की एमटी. एमटी म्हणजे चिखलाचे टायर, मोठमोठे ठोकळे आणि मध्ये रुंद फटी. दिसतात झकास. पण हा मुलगा आठवड्यातले सहा दिवस बल्लारी रस्त्यावरून हेब्बाळला जातो. ओल्या डांबरावर एमटीची पकड कमी, ब्रेक लागायला अंतर जास्त, आणि आवाज असा की बायको शेजारी बसून काय बोलली ते ऐकू येत नाही. (काहींना हा फायदा वाटेल.) एटी म्हणजे दोन्हीकडचा पाहुणा. आमच्या लाल मातीला तो पुरतो, कारण बोटभर साबण कापला की खाली घट्ट जमीन लागते. नंदीच्या परिसरातल्या कोरड्या ग्रॅनाइटवर कुठलाही टायर धरतो, तिथं भीती कड फाटण्याची आणि वाटेवरच्या काट्यांची. तळ्याच्या पात्रातल्या काळ्या गाळाला तळच नसतो, तिथं एमटीही बुडतो. तिथं जायचं नाही, हा फुकटचा उपाय.

टायर घेताना दुकानदार माप सांगेल, ते नीट वाचा. हायलक्सचं उदाहरण घ्या. ती आपल्या जवळच, बिडदीला, टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात तयार होते. (किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगरापासून बिडदीच्या पिकअपपर्यंत, जमीन उकरण्याशी या नावाचा संबंध काही सुटलेला नाही.) तिला २६५/६० आर १८ मापाचे टायर येतात. रुंदी २६५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ६० टक्के म्हणजे १५९, रिम १८ इंची. आता २६५/६५ आर १७ घ्या. कड १७२ मिलिमीटर होते, पण टायरचा एकूण व्यास दोन्हीत ७७५-७७६ च्या घरात राहतो. स्पीडोमीटर बिघडत नाही, आणि दगडाचा मार खायला तेरा मिलिमीटर रबर जास्त मिळतं. शोरूममध्ये मोठं रिम भाव खातं, मातीत मात्र लहान रिम आणि जाड कड. मापाच्या पुढचा आकडा भाराचा असतो. ११० म्हणजे १०६० किलो, ११२ म्हणजे ११२०. कंपनीनं दिलाय त्याच्या खाली उतरू नका.

तिसरा खर्च कमी पैशांचा आणि जास्त जोखमीचा : ओढण्याचं सामान. आमच्याकडे अडलेल्या गाडीला सोडवायला विंच येत नाही, ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवाला साखळी घेऊन येतो आणि विचारतो, कुठं बांधू? तिथं उत्तर तयार पाहिजे. गाडीखाली जे कान दिसतात त्यातले काही फक्त ट्रेलरवर गाडी बांधून ठेवण्यापुरते असतात, ओढताना ते तुटतात. मागच्या टो-बॉलला, त्या लोखंडी गोळ्याला, दोरी कधीच अडकवायची नाही. तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, आणि अशानं माणसं मेली आहेत. चॅसिसला बोल्टनं बसवलेला, भार छापलेला रिकव्हरी पॉइंट, ताणली जाणारी एक दोरी आणि दोन शॅकल एवढं घ्या. दोरीच्या रेषेत कुणालाही उभं करू नका.

मग ती यादीतली बाकीची मंडळी? २०१४ पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा होते. तिथल्या गाड्यांना विंच, स्नॉर्कल, उंच सस्पेन्शन हे सगळं लागतंच, कारण तिथली वाट मुद्दाम अडण्यासाठीच आखलेली असते. ते फोटो बघून आपण खरेदी करतो, हे म्हणजे लग्नातला घोडा बघून रोज ऑफिसला घोड्यावर जाण्यासारखं. लॉकर कामाचा असतो, पण आधी गाडीचं पुस्तक वाचा. हायलक्सला मागचा लॉकर कारखान्यातूनच येतो आणि फोर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे. स्नॉर्कलही गुरखाला कंपनीच देते. जे आहे तेच पुन्हा विकत घेणारे मी पाहिले आहेत.

लिफ्ट किटनं बॉडी वर जाते, पण मागच्या ॲक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा होता तिथंच राहतो. दगड बहुधा त्यालाच लागतो. तो उचलतो फक्त मोठा टायर, आणि तोही निम्म्यानं : व्यास ५० मिलिमीटर वाढला तर गोळा २५ नं वर येतो. लिफ्टच्या बदल्यात मात्र पुढच्या ड्राइव्हशाफ्टचे सांधे जास्त वाकून चालतात आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो.

बुलबारबद्दल बोलायला नको. केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना तो रोखायला सांगितलं आहे. तो धडकेचा मार पादचाऱ्याकडे नेतो आणि पुढच्या एअरबॅगच्या सेन्सरांच्या कामात अडथळा आणतो. कायदा एकूणच कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्याच्या मूळ रचनेत परस्पर फरक करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं गाडीमालकाला दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठरवली. विमा कंपनी अपघातानंतर फोटो काढते, आधी नाही, हेही लक्षात असू द्या.

भाच्यानं शेवटी कंपनीच्या मापातलेच चार एटी घेतले, कॉम्प्रेसर, गेज, दोरी, दोन शॅकल आणि मागे एक पॉइंट. ऐंशीतले थोडे उरले, त्यात पाचवा टायर येत नाही म्हणून स्टेपनी अजून जुनीच आहे. पायऱ्या गॅलरीत उभ्या करून ठेवल्या आहेत, त्यावर त्याच्या आईनं तुळशीच्या कुंड्या मांडल्या. छतावरच्या दिव्यांचा विषय तो अजूनही अधूनमधून काढतो.

पुढच्या लेखांकात दोरी आणि गाठी. तोवर सकाळी गाडी थंड असताना चारही टायरची हवा मोजून वहीत लिहा, आणि शक्य असेल तर शेजाऱ्याच्या गेजनंही मोजा.