पत्रं गेली, खर्च राहिला

३० जानेवारी १९४९ पासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रोज मध्यरात्री एक लगबग सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार ठिकाणांहून टपालाच्या थैल्या घेऊन विमानं यायची, इथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडेपर्यंत विमानं आपापल्या गावी परतलेली असायची. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशांतर्गत पत्राला विमानाचा जादा आकारही लागेनासा झाला. ही रात्रीची हवाई डाक ऑक्टोबर १९७३ मध्ये थांबली. त्याच १९७३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात फेडेक्सने नेमकी हीच पद्धत पार्सलांसाठी सुरू केली आणि तिच्यावर जगभराचा धंदा उभारला. म्हणजे देशाच्या मधोमध सगळा माल एकत्र आणून पुन्हा वाटून देण्याची युक्ती आपल्याला ठाऊक होती. आता मिहान प्रकल्प आणि समृद्धी महामार्गाच्या भरवशावर नागपूर पुन्हा मालवाहतुकीचं केंद्र होऊ पाहतंय आणि टपाल खात्यालाही पार्सलांच्या जोरावर नफ्यात आणायचं दिल्लीत ठरलंय. पण पत्रांनी जे ओझं दीडशे वर्षं वाहिलं, ते पार्सलांना पेलणार का?

ते ओझं कसलं, ते आधी पाहू. १८५४ मध्ये अंतर कितीही असो, पत्राला दर एकच, हे तत्त्व देशभर लागू झालं. नागपुरातल्या सिव्हिल लाइन्समधून सदरला जाणारं पत्र आणि गडचिरोलीतल्या सिरोंच्याला जाणारं पत्र सारख्याच तिकिटात जायचं, खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. तो फरक शहरातली पत्रं भरून काढत होती. पत्र वजनाला हलकं, संख्येला अफाट आणि पोस्टमनची फेरी ठरलेली, त्यामुळे शंभराव्या पत्राचा वाढीव खर्च जवळजवळ शून्य. शिवाय १८९८ च्या कायद्याने पत्र वाहण्याचा एकाधिकार सरकारकडे ठेवला होता, म्हणून मलईदार मार्ग दुसऱ्याला उचलता येत नव्हते. कुरिअरवाल्यांनी हा एकाधिकार केव्हाच पोखरला होता; २०२३ च्या नव्या कायद्याने तो कागदावरूनही गेला.

आता पत्रंच आटली आहेत. २०११-१२ मध्ये देशात सुमारे २४ कोटी ४४ लाख रजिस्टर्ड वस्तू गेल्या, २०१९-२० मध्ये १८ कोटी ४६ लाख. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आणि बाहेरगावच्या पत्राला तीस रुपयांच्या आत होणारं काम पन्नाशीपलीकडे गेलं. उलट पोस्टकार्ड अजून ५० पैशांतच, ज्याच्यामागे खात्याच्याच २०१६-१७ च्या हिशेबाने बारा रुपयांहून अधिक खर्च होतो. छोट्या मराठी प्रकाशकांनाही चटका बसला. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद झालं. मे २०२५ मध्ये त्याजागी ज्ञानपोस्ट आलं, पण जाहिराती छापलेले अंक त्यात चालत नाहीत. आता जाहिरातींवाचून निघणारा दिवाळी अंक कुठून आणायचा?

मग पार्सलं वाढली आहेतच की, असं कुणी म्हणेल. वाढली आहेत, पण त्यांचं अर्थशास्त्र वेगळं आहे. पार्सल जागा खातं, त्याला गाडी लागते, पैसे हातात घेऊन द्यावं लागतं आणि गिऱ्हाईक घरी नसेल तर दुसरा हेलपाटा पडतो. नागपूरच्या मनीषनगरातल्या एका फ्लॅट स्कीममध्ये एकाच थांब्यावर दहा खोकी संपत असतील तर दर घरामागे खर्च किरकोळ पडतो. गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्यात एका खोक्यासाठी एक गाव गाठावं लागतं आणि पर्लकोटा नदीला पूर आला की तेही नाही. खासगी कंपन्या दाट वस्तीतला धंदा स्वतः ठेवतात आणि जिथे परवडत नाही तिथली खोकी टपाल खात्याच्या गळ्यात घालतात. त्यात त्यांचा दोष नाही. धंदा असाच चालतो. पण दाट वस्तीतला नफा हातून गेला की सिरोंच्याचा खर्च कुठून काढायचा, याचं उत्तर पार्सलांत सापडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. २०१८-१९ मध्ये खात्याचं उत्पन्न सुमारे १३ हजार कोटी, पगार-भत्ते १६,६२० कोटी, त्यावर पेन्शन ९,७८२ कोटी. तूट १५ हजार कोटींच्या घरात. असलं खातं पोसायचं कशाला? खात्यात सुस्ती आहे, तक्रारीला दाद मिळेलच असं नाही, हे मान्य करायलाच हवं. पण तुटीचा एक मोठा भाग दुर्गम गावांत पोचण्याच्या जबाबदारीचा आहे, हेही तितकंच खरं. देशातल्या सुमारे १ लाख ६५ हजार टपाल कार्यालयांपैकी जवळपास नव्वद टक्के ग्रामीण आहेत. गावातलं शाखा डाकघर म्हणजे बहुतेकदा ग्रामीण डाकसेवकाने स्वतःच मिळवलेली एक खोली, चार-पाच तासांचं काम, त्याच हिशेबाचा मोबदला, आणि हातात एक यंत्र, ज्यावर पत्राची नोंद होते आणि निराधार पेन्शनचे पैसेही निघतात. बँकेची शाखा वीस किलोमीटरवर असेल तर ही खोली बंद करून वाचणारा पैसा त्या गावाकडूनच वसूल झालेला असतो.

डेन्मार्कने हा प्रश्न सरळ सोडवला. तिथल्या टपाल कंपनीने ३० डिसेंबर २०२५ रोजी शेवटचं पत्र वाटलं आणि चारशे वर्षांची सेवा थांबवली. सरकारी कारभार घरोघरी ऑनलाइन पोचलेल्या त्या चिमुकल्या देशाला ते झेपलं. गडचिरोलीला झेपणार नाही. तेव्हा २०२५ च्या अर्थसंकल्पात टपाल खात्याला मोठी सार्वजनिक लॉजिस्टिक्स संस्था करण्याची घोषणा झालीच आहे, तर हिशेबाच्या दोन वह्या वेगळ्या कराव्यात. पार्सलांच्या वहीत नफ्या-तोट्याचा जाब कडक विचारावा, खासगी कंपन्यांशी तुलना करावी, जमत नसेल तर सुनवावंही. दुर्गम गावांपर्यंत पोचण्याच्या खर्चाची वही मात्र रस्ता किंवा शाळेच्या खर्चासारखी अर्थसंकल्पात उघडपणे मांडावी आणि तिला तोटा म्हणणं सोडून द्यावं. विदर्भातल्या खासदारांनी संसदेत तेवढा एक आकडा मागावा: भामरागड, एटापल्ली, सिरोंचा इथली शाखा डाकघरं चालवायला वर्षाला नेमका किती खर्च येतो.