किरणोपचार : ३७ बैठका, २० की पाच?

प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी साडेसात आठवडे रोजच्या खेपा, ही जुनी रीत. ब्रिटनच्या ‘चिप’ चाचणीने २०१६मध्ये ३७ऐवजी २० बैठका पुरतात, हे दाखवलं. ‘पेस-बी’ने (२०२४) कमी ते मध्यम जोखमीच्या रुग्णांत संख्या पाचवर आणली, पाच वर्षांनी पाच बैठकांच्या आणि नेहमीच्या उपचाराच्या अशा दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात होता. लघवीचा त्रास मात्र पाच बैठकांच्या गटात जास्त आढळला. रुग्णाला हे आधी सांगायलाच हवं.

बाहेरून किरणं देण्याऐवजी आतून देण्याची पद्धत म्हणजे ब्रेकीथेरपी. तिच्यात आयोडीन-१२५चे तांदळाच्या दाण्याएवढे कण ग्रंथीतच कायमचे बसवतात. त्यांचा किरणोत्सर्ग साधारण ६० दिवसांत निम्मा होतो.

जोखीम जास्त असल्यास ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींवरही किरणं दिल्याने आजार अधिक काळ आटोक्यात राहतो, हे मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या २२४ रुग्णांच्या चाचणीत दिसलं.