शस्त्रक्रिया आईची, प्रश्न बाळाच्या दुधाचा

2014 साली, मुलगी तीन महिन्यांची असताना, माझे पित्ताशय काढावे लागले. बाळंतपणानंतर पित्ताचे खडे होणे तसे दुर्मिळ नाही. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर येताच परिचारिकेने बजावले, "चोवीस तासांचे दूध काढून फेकून द्या." मी फेकले. घरी मुलगी बाटलीला तोंड लावेना. सांगलीहून आलेली आई रात्रभर तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. तिने विचारले, "अगं, पण का फेकायचं?" इंजिनिअरिंगमधली डॉक्टरेट असूनही माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे शोधले, ते आपल्या मंडळातल्या तरुण आयांसाठी मांडते आहे.

भुलीची औषधे रक्तातून दुधात उतरतात हे खरे. पण दूध म्हणजे झाकण लावलेली बरणी नव्हे. रक्तातले प्रमाण घटले की दुधातले औषधही रक्तात परत जाते. हल्लीची औषधे लवकर ओसरतात. आई पूर्ण जागी होऊन बाळाला नीट धरू शकते, तोवर दुधातला अंश अगदी थोडा उरतो. म्हणूनच अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 साली सांगितले की, शस्त्रक्रियेनंतर शक्य तितक्या लवकर पाजावे. दूध काढून फेकू नये.

वेदना सोसत बसू नये. दुखण्याने पान्हा अडतो. टायलेनॉल आणि आयबुप्रोफेन सहसा चालतात. कोडीन व ट्रॅमाडॉल मात्र नकोत, असा इशारा येथील एफ.डी.ए.ने 2017 साली दिला. काहींच्या शरीरात कोडीनचे मॉर्फीन फार वेगाने बनते; ते दुधातून गेले तर बाळ सुस्त पडते, श्वास मंदावतो.

तयारी आधी करावी. थोडे दूध काढून ठेवावे : फ्रिजमध्ये ते 4 दिवस टिकते, फ्रीजरमध्ये साधारण 6 महिने. बाळाला बाटलीची सवय आधीच लावावी. आत नेण्यापूर्वी पाजावे. नंतर पाजणे लांबले तर पंपाने दूध काढावे. नाहीतर गाठी येतात, दूधही आटते. पोटावर टाके असतील तर कुशीवर निजून, किंवा बाळाला काखेखाली धरून पाजावे. गुंगी असेपर्यंत शेजारी कोणीतरी जागे हवे.

याला अपवाद आहेत. कर्करोगाची औषधे, किरणोत्सर्गी आयोडिन, अपुऱ्या दिवसांचे किंवा श्वासाचा त्रास असलेले बाळ, अशा वेळी डॉक्टरांचा वेगळा सल्ला घ्यावाच.

शस्त्रक्रियेची तारीख ठरताच सर्जन आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही सांगा, "मी अंगावर पाजते." आणि कोणी दूध फेकायला सांगितले, तर माझ्या आईचा प्रश्न विचारा : कोणत्या औषधामुळे, आणि किती वेळ?